समाजकार्य शिक्षणातील उन्हाळी अभ्यासक्रम

समाजकार्य शिक्षणातील उन्हाळी अभ्यासक्रम म्हणजे विद्यापीठात समाजकार्याचे पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन शैक्षणिक वर्षांच्या मधल्या दीर्घ सुट्टीत पूर्ण करावयाचे वर्गाध्ययन, क्षेत्रकार्य, आंतरवासिता किंवा शिबिर होय. काही देशांत तो श्रेयांकांसह पदवीचा भाग असतो, तर काही ठिकाणी तो पूर्णपणे ऐच्छिक असतो. भारतात उन्हाळी सुट्टी साधारणपणे एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत येते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा काळ वर्गापेक्षा क्षेत्राचा असतो. बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू या दोन्ही पदव्यांत क्षेत्रकार्य अनिवार्य असल्याने सुट्टीतील चार-सहा आठवडे कोठे व कसे घालवावेत, हा निर्णय विद्यार्थ्याच्या पुढील विशेषीकरणावर आणि पुष्कळदा पहिल्या नोकरीवरही परिणाम करतो.

इतिहास

समाजकार्याचे औपचारिक शिक्षण मुळात एका उन्हाळी वर्गातूनच सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतील मोठ्या शहरांत धर्मादाय मदतीचे काम करणाऱ्या संघटनांकडे सद्हेतू असलेले कार्यकर्ते पुष्कळ होते. मात्र कुटुंबाची चौकशी कशी करावी, मदत कोणाला व किती द्यावी, नोंदी कशा ठेवाव्यात याचे शिक्षण कोठेच मिळत नव्हते. नवा कार्यकर्ता जुन्याच्या हाताखाली उमेदवारी करून शिकत असे व त्याच्या चुकांची किंमत गरीब कुटुंबे मोजत. बाल्टिमोर येथील धर्मादाय संघटनेत काम करणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत अशा कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षण शाळा हवी, अशी मागणी मांडली. पुढच्याच वर्षी, १८९८ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरवला. व्याख्याने, संस्थाभेटी आणि प्रत्यक्ष काम असे त्याचे स्वरूप होते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत हे तीन घटक आजही आढळतात.

वर्ग उन्हाळ्यात भरवण्याचे कारण व्यावहारिक होते. शिकायला येणारे बहुतेक जण कोठे ना कोठे आधीच काम करत होते आणि वर्षभराची रजा त्यांना मिळणे शक्य नव्हते. सहा आठवडे मात्र निघू शकत. काही वर्षांतच एवढा काळ पुरेसा नाही हे आयोजकांच्या लक्षात आले. १९०४ मध्ये वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शाळेला न्यूयॉर्क स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी हे नाव मिळाले. ही शाळा पुढे १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न झाली व आज ती त्या विद्यापीठाची समाजकार्य शाळा म्हणून ओळखली जाते. युरोपात ॲमस्टरडॅम येथे १८९९ मध्ये समाजकार्याची शाळा निघाली, मात्र तिचा आरंभ उन्हाळी वर्गातून झाला नव्हता.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग पहिल्या महायुद्धाच्या काळात झाला. तोफांच्या भडिमारातून परतलेल्या सैनिकांमध्ये दिसणाऱ्या मानसिक आघाताला त्या काळी 'शेल शॉक' म्हणत. अशा सैनिकांसाठी मनोविकृतिशास्त्राची जाण असलेले समाजकार्यकर्ते तातडीने हवे होते. १९१८ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ कॉलेजने बॉस्टन सायकोपॅथिक हॉस्पिटलच्या सहकार्याने या विषयाचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. त्या रुग्णालयातील समाजकार्याच्या प्रमुख मेरी जॅरेट यांचा त्यात पुढाकार होता. पुढे समाजकार्याच्या विचारवंत म्हणून नावाजलेल्या बर्था रेनॉल्ड्स याच पहिल्या तुकडीत शिकल्या.

युद्ध संपल्यावरही हा वर्ग बंद झाला नाही. उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या आवारात सैद्धांतिक अध्ययन आणि उरलेल्या वर्षात दूरच्या एखाद्या रुग्णालयात किंवा कुटुंबसेवा संस्थेत पूर्णवेळ काम, अशी त्याची घडी बसली. यालाच ब्लॉक पद्धत म्हणतात. तीन उन्हाळे आणि त्यांच्या मधले दोन हिवाळे अशी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना अनेक दशके टिकली. इतर महाविद्यालयांत विद्यार्थी वर्षभर वर्गात बसून सुट्टीत क्षेत्राकडे वळतो. स्मिथने हा क्रम उलटा केला. त्यामुळे विद्यार्थी एखाद्या कुटुंबासोबत वा रुग्णासोबत कित्येक महिने सलग राहू शकतो. शिवाय उन्हाळ्यात परत आल्यावर पुस्तकातील सिद्धांत त्याला अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहता येतो.

अमेरिका व इंग्लंडमधील सद्यःस्थिती

अमेरिकेत समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देण्याचे काम १९५२ मध्ये स्थापन झालेली कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन ही संस्था करते. तिच्या निकषांनुसार पदवीसाठी किमान ४०० तासांचे आणि पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य आवश्यक असते. आठवड्याला ४० तास धरले तर ४०० तासांना दहा आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ संपूर्ण उन्हाळी सत्र खर्ची पडते. बहुतेक विद्यापीठे हे तास वर्षाच्या सत्रांमध्ये विभागतात आणि उन्हाळ्यात संशोधनपद्धती, व्यसनमुक्ती, वृद्धकल्याण, शालेय समाजकार्य यांसारखे निवडक विषय शिकवतात. काही विद्यापीठे परदेशात दोन-तीन आठवड्यांचा अभ्यासदौराही काढतात.

अमेरिकेतील उन्हाळी सत्राचा सर्वाधिक उपयोग होतो तो 'ॲडव्हान्स्ड स्टँडिंग' या सवलतीसाठी. समाजकार्याची अधिस्वीकृत पदवी असलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातील पाठ्यक्रम पुन्हा शिकावा लागू नये, म्हणून त्याला थेट वरच्या टप्प्यावर प्रवेश दिला जातो व सुमारे एका वर्षात पदवी पूर्ण करता येते. अनेक विद्यापीठांत या वाटेची सुरुवात उन्हाळ्यातील एका जोडअभ्यासक्रमाने होते. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील बीएसडब्ल्यू पदवी या सवलतीसाठी आपोआप पात्र ठरत नाही. वरील परिषदेमार्फत चालणाऱ्या परदेशी पदव्यांच्या मूल्यांकन सेवेकडून तिची समकक्षता आधी ठरवून घ्यावी लागते. एवढे झाल्यावरही सवलत द्यावी की नाही, हे त्या त्या विद्यापीठाच्या हाती असते.

इंग्लंडमध्ये चित्र निराळे आहे. तेथे पात्रता अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याला २०० दिवस प्रत्यक्ष कामात घालवावे लागतात. पाच दिवसांच्या आठवड्याप्रमाणे हे ४० आठवडे होतात आणि ते कोणत्याही सुट्टीत बसत नाहीत. मात्र बालसंरक्षणाच्या कामासाठी पदवीधरांना वेगाने तयार करणाऱ्या 'फ्रंटलाइन' या योजनेने उन्हाळ्याचा पुन्हा आधार घेतला. २०१४ मध्ये दाखल झालेल्या तिच्या पहिल्या तुकडीने पाच आठवड्यांचा निवासी उन्हाळी वर्ग केला आणि त्यानंतर हे विद्यार्थी थेट स्थानिक प्रशासनाच्या बालसेवा विभागांत रुजू झाले. इतक्या अल्प पूर्वतयारीवर जोखमीच्या कुटुंबांत विद्यार्थी पाठवावेत का, आणि समाजकार्याचा व्यापक पाया न देता केवळ बालकांपुरते प्रशिक्षण द्यावे का, यावर तेथील अध्यापकांनी कडक टीका केली. योजनेच्या समर्थकांचे म्हणणे असे की विद्यार्थी अनुभवी सल्लागाराच्या हाताखाली लहान गटात काम करत असल्याने खरे शिक्षण कामातच होते. न्यूयॉर्कच्या १८९८ मधील वर्गालाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याने सहा वर्षांत अभ्यासक्रम लांबवून त्याचे उत्तर दिले.

भारतातील वाटचाल

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेत सुरू झाले. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन धर्मप्रसारक नागपाड्यातील कामगार वस्तीत नेबरहूड हाऊस चालवत असत. वस्तीतील काम आणि वर्गातील शिक्षण यांची सांगड भारतीय अभ्यासक्रमात पहिल्यापासून आली, त्यामागे हा अनुभव होता. १९४४ मध्ये संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. त्यानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात मुंबईचे निर्मला निकेतन, नागपूरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था अशी महाविद्यालये उभी राहिली आणि पुढे हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये समाजकार्यासाठी नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात क्षेत्रकार्याचे अनेक प्रकार वेगळे सांगितले आहेत. संस्थाभेटी, वर्गातील अनुभवप्रयोग, वर्ष चालू असताना आठवड्यातून दोन दिवसांचे सहगामी क्षेत्रकार्य, ग्रामीण शिबिर, अभ्याससहल, उन्हाळी प्लेसमेंट आणि ब्लॉक प्लेसमेंट हे त्यांतील प्रमुख होत. शेवटच्या दोहोंची गल्लत विद्यार्थ्यांकडून आणि कधीकधी महाविद्यालयांकडूनही होते. उन्हाळी प्लेसमेंट पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष संपल्यावर सुमारे चार आठवड्यांची असते. एखाद्या संस्थेचे दैनंदिन कामकाज आतून पाहणे, हा तिचा हेतू असतो. सहगामी क्षेत्रकार्यात विद्यार्थी संस्थेचे दोनच दिवस पाहतो, त्यामुळे सोमवारी घेतलेल्या निर्णयाचे शुक्रवारपर्यंत काय झाले हे त्याला दिसत नाही. उन्हाळी प्लेसमेंटमध्ये ते दिसते. ब्लॉक प्लेसमेंट मात्र संपूर्ण अभ्यासक्रमाच्या शेवटी चार ते सहा आठवडे सलग असते. त्या काळात विद्यार्थ्याने शिकाऊ म्हणून न राहता नवोदित व्यावसायिक म्हणून काम करावे अशी अपेक्षा असते.

नमुना अभ्यासक्रम बंधनकारक नसल्याने विद्यापीठांनी तो सारखा स्वीकारला नाही. कोठे ब्लॉक प्लेसमेंट अनिवार्य व उन्हाळी प्लेसमेंट ऐच्छिक आहे, कोठे दोन्ही मिळून एकच केले आहे. वार्षिक परीक्षा जाऊन सत्रपद्धती आल्यानंतर परीक्षांचे वेळापत्रक मे महिन्यात शिरले आणि सुट्टी आखडली. चार आठवड्यांचे काम प्रत्यक्षात अडीच आठवड्यांत उरकले जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीस्तरावर उन्हाळ्याला औपचारिक स्थान मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या श्रेयांक आराखड्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची तरतूद आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवून प्रमाणपत्र वा पदविका घेऊ इच्छिणाऱ्याने या काळात चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावी लागते. आंतरवासितेचा एक श्रेयांक ३० तासांचा धरला जातो, म्हणून चार श्रेयांकांना १२० तास लागतात. बीएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याला हा आकडा फार मोठा वाटत नाही, कारण क्षेत्रकार्याचे तास त्याला एरवीही भरावे लागतात. तेच तास दोनदा मोजता येतील का, हा प्रश्न मात्र महाविद्यालयाने आपल्या विद्यापीठाच्या नियमांनुसार आधीच स्पष्ट करून घेणे इष्ट असते.

महाराष्ट्रातील उन्हाळा आणि क्षेत्रकार्य

क्षेत्र निवडताना उन्हाळ्यात काय चालू असते आणि काय बंद असते, हे पाहणे आवश्यक ठरते. मे महिन्यात शाळा बंद असतात. त्या जूनच्या मध्यावर उघडतात, तर विदर्भात आणखी उशिरा. त्यामुळे शालेय समाजकार्याचे काम या काळात होत नाही. न्यायालयांनाही उन्हाळी सुट्टी असते, म्हणून कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशन किंवा कच्च्या कैद्यांना विधी साहाय्य या विषयांत काम करू पाहणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. याउलट रुग्णालये, महिलांसाठीचे समुपदेशन कक्ष, बालगृहे, व्यसनमुक्ती केंद्रे व वृद्धाश्रम यांचे काम बाराही महिने चालते. पोलीस ठाण्याच्या आवारात बसून हिंसाचारग्रस्त स्त्रियांना साहाय्य करणारा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला. पुढे ही कल्पना राज्यभर पसरली आणि स्त्रियांसंबंधी काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असे कक्ष ही एक परिचित जागा बनली.

मानसिक आरोग्य हा विषय निवडणाऱ्यांसाठी राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. राज्याबाहेर बंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे निम्हान्स, हे या विषयाचे देशातील सर्वांत मोठे शिक्षणकेंद्र मानले जाते आणि तेथे मनोविकृती समाजकार्याचा स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणी प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात व अर्ज महाविद्यालयामार्फत कित्येक महिने आधी करावा लागतो. मार्चमध्ये चौकशी सुरू करणाऱ्याला बहुधा नकारच मिळतो.

ग्रामीण समुदायकार्यासाठी मात्र उन्हाळा हा वर्षातील सर्वांत बोलका काळ आहे. बीड जिल्ह्यातून व मराठवाड्याच्या इतर भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गेलेल्या टोळ्या गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलपर्यंत, गावी परततात. हिवाळ्यात अशा गावांत भेटतात ती प्रामुख्याने म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले. एखाद्या महाविद्यालयाने डिसेंबरात ग्रामीण शिबिर भरवून कुटुंबांचे सर्वेक्षण केले, तर त्यातून गावाचे अर्धेच चित्र हाती येते. मे महिन्यात मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटली की अंगावर राहिली याचा हिशेब, हंगामात बुडालेली मुलांची शाळा आणि फडात झालेले आजार यांविषयी माणसे स्वतः बोलू शकतात, कारण ती घरी असतात.

पाणीटंचाई, टँकरच्या फेऱ्या आणि जनावरांच्या चाऱ्याचा प्रश्न याच दिवसांत तीव्र होतो. शेतीची कामे थांबल्याने रोजगार हमीच्या कामांवर मजूर येतात. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात आकाराला आली आणि १९७७ च्या कायद्याने तिला वैधानिक रूप मिळाले. कामाची मागणी नोंदवणे, हजेरीपट वाचणे, मजुरी वेळेवर न मिळाल्यास तक्रार कोठे करावी हे जाणणे या गोष्टी विद्यार्थ्याला कामाच्या जागी गेल्याशिवाय उमगत नाहीत. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, गावोगाव ग्रामसभा भरण्याचा प्रघात आहे. पंचायत राज व्यवस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एक ग्रामसभा पाहिलेली असावी आणि त्यासाठी ही तारीख सोयीची आहे. सभेला किती माणसे होती, त्यांत स्त्रिया किती बोलल्या आणि इतिवृत्तात काय नोंदले गेले, यांची तुलनाच पुष्कळ काही शिकवते.

गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया जिल्ह्यांत मे महिना तेंदूपानांच्या संकलनाचा असतो. पहाटे घरातील माणसे जंगलात जातात आणि दुपारी पानांच्या जुड्या बांधल्या जातात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभांनी वनोपजाचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व त्याची चर्चा देशभर झाली. समुदाय संघटन हा विषय पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या विद्यार्थ्याला तेंदूपानांचा भाव ठरवण्याच्या आणि मजुरी वाटपाच्या बैठकीत त्या विषयाचे हिशेबी अंग पाहता येते. मात्र सकाळी दहा वाजता प्रश्नावली घेऊन गेल्यास गावात कोणी भेटत नाही, हे तेथे गेल्यावर पहिल्याच दिवशी कळते.

याच प्रदेशात उन्हाळी शिबिरांची एक जुनी परंपरा आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यातल्या सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलेली ही छावणी मे महिन्यातील कडक उन्हात भरते. सकाळी श्रमदान, दिवसा व्याख्याने व चर्चा आणि सायंकाळी गाणी असा तिचा क्रम असतो. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने २००६ मध्ये 'निर्माण' हा युवकांसाठीचा उपक्रम सुरू केला. त्यात निवासी शिबिरांच्या मालिकेतून आपल्या शिक्षणाचा समाजातील प्रश्नांशी संबंध शोधला जातो. ही शिबिरे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाहीत व त्यांना विद्यापीठाचे श्रेयांक असतातच असे नाही. तरीही वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि कला शाखेतील तरुणांसोबत राहण्याचा अनुभव येथे मिळतो. केवळ आपल्याच विद्याशाखेत वावरणाऱ्या विद्यार्थ्याला तो उपयोगी पडतो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेतही २०१६ ते २०१९ या काळात एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव जलसंधारणाचे श्रमदान झाले व शहरांतून अनेक तरुण त्यात सहभागी झाले.

शासकीय आंतरवासिता व ऑनलाइन अभ्यासक्रम

दिल्लीतील राष्ट्रीय मानवी हक्क आयोग उन्हाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आंतरवासिता चालवतो. विधी शाखेचे विद्यार्थी त्यात मोठ्या संख्येने येत असले तरी सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली असते. नीती आयोग व केंद्र शासनाची काही मंत्रालयेही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अल्पकाळासाठी घेतात. धोरण व प्रशासन समजून घेण्यासाठी या संधी चांगल्या आहेत, परंतु त्यांत प्रत्यक्ष व्यक्तीसोबत वा गटासोबत काम करण्यास फारसा वाव नसतो. ज्या विद्यापीठात उन्हाळी कामाचे मूल्यमापन व्यक्तिसहाय्य, गटकार्य यांच्या नोंदींवर होते, तेथील विद्यार्थ्याने अर्ज करण्यापूर्वी आपल्या क्षेत्रकार्य समन्वयकाशी बोलून घेणे हिताचे असते.

केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर समाजकार्य व त्याच्याशी निगडित विषयांचे मोफत अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सत्रातील एकूण पाठ्यक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक स्वीकारण्याची मुभा विद्यापीठांना दिली. तथापि हे अभ्यासक्रम प्रामुख्याने जानेवारी आणि जुलै या दोन सत्रांत चालतात. सुट्टीत सुरू होऊन सुट्टीतच संपणारा श्रेयांकाचा अभ्यासक्रम त्यांत सहसा मिळत नाही. सुट्टीत त्यांचा उपयोग होतो तो मुख्यतः संख्याशास्त्र, संशोधनपद्धती किंवा इंग्रजी लेखन यांसारख्या कच्च्या राहिलेल्या विषयांची तयारी करण्यासाठी. क्षेत्रकार्याला मात्र ऑनलाइन पर्याय नाही. कोविडच्या साथीत २०२० व २०२१ चे उन्हाळे महाविद्यालयांनी दूरध्वनीवरील समुपदेशन व साहाय्य कार्यावर निभावून नेले, पण ती अपवादात्मक परिस्थितीतील तडजोड होती.

पर्यवेक्षण आणि नोंदी

उन्हाळी कामाचा कमकुवत दुवा पर्यवेक्षण हा आहे. सहगामी क्षेत्रकार्यात अध्यापक दर आठवड्याला विद्यार्थ्याशी वैयक्तिक चर्चा करतात व त्याचे अहवाल तपासतात. सुट्टीत अध्यापकही रजेवर असतात. संस्थेतील अधिकाऱ्याला समाजकार्याचे शिक्षण असेलच असे नाही. अशा वेळी विद्यार्थ्याला पत्रके वाटणे, संगणकावर माहिती भरणे, कार्यक्रमाचे फलक लावणे अशी कामे दिली जातात आणि प्रमाणपत्रावर मात्र महिनाभराच्या क्षेत्रकार्याची नोंद होते. कामाला सुरुवात होण्यापूर्वीच महाविद्यालय, संस्था व विद्यार्थी यांनी कामाचे स्वरूप, तास आणि पर्यवेक्षकाचे नाव लेखी ठरवावे, ही पद्धत चांगल्या महाविद्यालयांत पाळली जाते. असा कागद नसेल तर विद्यार्थ्याला नंतर दाद मागता येत नाही.

अहवाललेखनात गोपनीयतेचा प्रश्न येतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पोक्सो कायदाही हेच बजावतो. बालगृहात महिनाभर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने अहवालात नाव, छायाचित्र किंवा गावाचा उल्लेख टाळावा लागतो. उन्हाळी कामाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची सवय पाहता हा नियम तोंडी सांगून भागत नाही.

अल्पकाळाच्या कामाचा आणखी एक धोका त्या बालकांनाच असतो. घरापासून दुरावलेल्या मुलाला मे महिन्यात एक ताई किंवा दादा भेटतो, रोज गोष्टी सांगतो, खेळतो, त्याचे ऐकून घेतो आणि जूनमध्ये नाहीसा होतो. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी ताई येते. व्यक्तिसहाय्य कार्यात समारोप हा स्वतंत्र टप्पा मानला जातो. आपण किती दिवस आहोत हे पहिल्याच भेटीत सांगणे आणि शेवटच्या आठवड्यात निरोपाची तयारी करणे त्यात येते. चार आठवड्यांच्या कामात हा टप्पाच सर्वांत आधी गाळला जातो. म्हणून काही अध्यापक उन्हाळी विद्यार्थ्यांना सखोल व्यक्तिसहाय्य न देता गटकार्य, पाहणी किंवा संस्थेचे व्यवस्थापन अशी कामे द्यावीत या मताचे आहेत.

खर्च आणि वगळले जाणे

महाराष्ट्रातील समाजकार्य महाविद्यालयांत शेतकरी, शेतमजूर, दलित, आदिवासी व भटक्या-विमुक्त कुटुंबांतून आलेले विद्यार्थी लक्षणीय संख्येने आढळतात. त्यांच्यापैकी अनेक जण घरातील पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच व्यक्ती असतात. उन्हाळी सुट्टी ही त्यांच्यासाठी मजुरीची, खरिपापूर्वीच्या मशागतीची किंवा पुढील वर्षाच्या शुल्काची तजवीज करण्याची वेळ असते. बहुसंख्य उन्हाळी आंतरवासिता बिनपगारी असतात. प्रवास, खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो. अनेक वसतिगृहे वार्षिक सुट्टीत रिकामी करावी लागत असल्याने शहरात राहण्याची जागाही उरत नाही. परिणामी दिल्लीतील आयोग किंवा बंगळूरची संस्था यांचा अनुभव त्याच विद्यार्थ्याच्या परिचयपत्रात येतो, ज्याच्या घरच्यांना दोन महिन्यांचा खर्च पेलवतो. मुलाखतीत मात्र दोघांची तुलना त्याच कागदावर होते.

यावर काही महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला स्वतःच्याच तालुक्यात उन्हाळी काम करू देण्याचा मार्ग काढला आहे. घरी राहिल्याने खर्च वाचतो, भाषा व माणसे ओळखीची असतात आणि सकाळी शेतात काम करून दुपारनंतर क्षेत्रात जाता येते. याला दुसरी बाजूही आहे. स्वतःच्या गावात विद्यार्थ्याला त्याच्या जातीने, घराण्याने व वडिलांच्या नावाने ओळखले जाते. एखाद्या मुलीने आपल्याच गावातील कौटुंबिक हिंसाचारावर काम करणे अवघड असते आणि कधीकधी धोक्याचेही. म्हणून गाव नव्हे, तर शेजारचा तालुका निवडण्याकडे कल दिसतो.

विद्यार्थिनींच्या बाबतीत दूरच्या प्रकल्पावर महिनाभर राहण्यास घरून परवानगी मिळणे, हा वेगळा अडथळा असतो. दोघी-तिघींचा गट करून पाठवणे, निवासाची व्यवस्था संस्थेच्या आवारातच असणे आणि महाविद्यालयाने पालकांना लेखी कळवणे या उपायांनी तो पुष्कळ अंशी दूर होतो. संस्थेत अंतर्गत तक्रार समिती आहे का, याची चौकशी आता अनेक क्षेत्रकार्य समन्वयक आधीच करतात.

शेवटची अडचण हवामानाची आहे. विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. घरोघरची पाहणी सकाळी अकराच्या आत व सायंकाळी पाचनंतर करणे, सोबत पाणी ठेवणे आणि दुपारचा वेळ नोंदी लिहिण्यासाठी राखणे हा तेथील रिवाज आहे. दिवसाचे आठ तास क्षेत्रात दाखवण्याचा आग्रह धरणारे हजेरीपत्रक अशा ठिकाणी निरुपयोगी ठरते. त्यामुळे काही महाविद्यालये उन्हाळी काळापुरते रात्रीच्या बैठका, भजनी मंडळांशी व बचत गटांशी झालेल्या भेटी हेही क्षेत्रकार्याचे तास म्हणून धरतात.